काकांची संगमरवरी पाटी

तीर्थरूप काकांस,

पुतणीचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांची चौकशी आधीच करून घेते, कारण पत्र वाचता वाचता तुम्ही ताडकन उठाल आणि मग दुखल्याचं खापर माझ्यावर फोडाल. तेव्हा पाय स्टुलावर घ्या, काकूंना जवळ बसवा आणि बसूनच वाचा. इकडे लॉन्ड्री बरी चालली आहे. (इस्त्रीवाल्याने डॉक्टरांचा कोट पुन्हा जाळला, पण खिशाच्या आतून. डॉक्टर स्वतःच्या खिशात सहसा हात घालत नाहीत, त्यामुळे तूर्त काळजी नाही.)

मुख्य बातमी ही की पाणी आलं. डोंगरातल्या त्या जुन्या व्यापारी वाटेवर, आजोबा तरुणपणी ओझी वाहायला जात तेव्हा, एका गावापाशी ते तापाने फणफणले आणि व्यापारी ओझी तेवढी उचलून पुढे निघून गेले. गावाने आजोबांना उठवून घरात घेतलं आणि बरं केलं. हे तुम्ही क्लबात दरवर्षी सांगता. त्या गावात तुमच्या क्लबाने वर्गणी काढून दिलेला नळ आता धो धो वाहतो आहे. त्या वाटेने हल्ली हौशी लोक पाठीला रंगीत पिशव्या लावून जातात, गावाचे फोटो काढतात आणि काय ही शांतता, असं म्हणून पुढे चालू लागतात. शांतता असणारच. गावातल्या सगळ्या बायका धुणं घेऊन खाली खोल ओढ्यावर गेलेल्या असायच्या.

आता तुमच्या पाटीबद्दल. संगमरवरीच हवी, अक्षरं खोल हवीत, नातवंडांच्या नातवंडांना वाचता आली पाहिजेत, असं तुम्ही बजावलं होतं. वर आजोबांचं नाव, खाली किंचित मोठ्या अक्षरांत तुमचं. (किंचित हा शब्द पुतणी म्हणून वापरते आहे.) ती घेऊन मी डोंगराच्या पायथ्याशी पोचले, तर खेचरवाला म्हणाला, एका बाजूला एवढं वजन लादलं तर खेचर दरीत जाईल, दुसऱ्या बाजूलाही तेवढंच हवं. पाइप आणि सिमेंट आधीच वर पोचलं होतं. माझी पिशवी लावून पाहिली तर खेचराने माझ्याकडे नुसतं पाहिलं. शेवटी दुसऱ्या बाजूला पायथ्याचा एक धोंडा बांधला. डोंगरावर बाहेरून दगड नेणारा जगात तुमचाच क्लब असावा. वाटेत एकाने विचारलं, काय नेताय? खेचरवाला म्हणाला, दगड. आणि या बाजूला? तर म्हणाला, तोही दगडच, पण शिकलेला.

नळाशेजारी खांब बांधला. त्यावर पाटी बसवायची होती, पण प्लंबर म्हणाला, खांब ओला आहे, घाई केली तर आजोबा खाली येतील. म्हणून पाटी नळाखालच्या ओट्यावर आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतले कपडे घालून, कॅमेरा घेऊन मी पोचले, तर आजोबांवर कोणाची तरी चादर, तुमच्यावर एक चिखलाने माखलेला पायजमा, चौफेर साबणाचा फेस आणि चार बायका.

माझा पारा चढला. क्लबातल्या त्या बँकवाल्यांच्या नावाचं बागेत बाकडं झाल्यापासून तुम्ही या फोटोची चातकासारखी वाट पाहताय. फोटो मिळाला नाही तर काका क्लबात तोंड कसं दाखवणार, हेच डोक्यात. मी नको तेवढा आवाज चढवला. बायका हात आखडून उभ्या राहिल्या. त्यांतली सगळ्यांत म्हातारी, जिला अख्खं गाव थोरली म्हणतं, ती तेवढी शांतपणे म्हणाली, "रागावू नकोस गं. आम्हाला वाटलं, हा दगड धुण्यासाठीच आणलाय. एवढ्या मेहनतीने खाचा पाडल्यात."

आणि काका, त्या खाचा खरोखर झकास आहेत. कॉलरचा मळ आजोबांच्या नावावर अलगद निघतो, पण पायजम्याला तुमचंच नाव लागतं. मी पडले लॉन्ड्रीवाली. कितीही संतापले तरी पांढरीशुभ्र कॉलर बघून हात शिवशिवतातच. कॅमेरा खांबावर ठेवला, बाह्या सारल्या, एक सदरा घासला आणि पिळला, आपल्या पद्धतीने, डावीकडे. (दुनिया उजवीकडे पिळते, आपण डावीकडे, आणि त्यावर आपल्या दुकानाचं नाव चालतं. आजोबा म्हणायचे, हे माझ्या उस्तादांनी शिकवलं. उस्ताद कोण ते कधी सांगितलं नाही. तुम्ही तर उलट्या पिळाने धाग्यांना कशी विश्रांती मिळते, यावर क्लबाच्या स्मरणिकेत शास्त्रीय लेख लिहिलात.) मान वर केली, तर चारही बायका डावीकडेच पिळत होत्या.

थोरलीने विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? म्हटलं, आजोबांनी. आणि त्यांना? म्हटलं, एका मोठ्या उस्तादांनी. थोरली जी हसायला लागली ती थांबेचना. उस्ताद म्हणजे तिची सासू. तापातून उठलेल्या हमालाच्या हातात तिने त्याच्याच चादरी दिल्या आणि सुनावलं, आजाऱ्याचं आम्ही धुतलं, बऱ्या झालेल्याने आपलं आपण धुवावं. त्याला येईना, म्हणून शेजारी बसवून शिकवलं. आणि पीळ डावीकडे का, तर सासूबाई डावखुऱ्या होत्या. तुमच्या लेखाचं शास्त्र तेवढंच.

मी ओल्या ओट्यावर बसून रडले, काका, आणि अभिमानाने रडले. ज्या कामावर आपलं घर उभं राहिलं, तुम्ही कॉलेज शिकलात, मी मालकीण झाले, ते काम या गावच्या बाईने आजोबांच्या हातात दिलं. आज तिच्या नातसुना ते आजोबांच्या नावावर करताहेत. याहून मोठा मान तो खांब काय देणार होता? थोरली म्हणाली, तुझी पाटी उभी कर, आम्ही ओढ्यावर जाऊ. मी प्लंबरला म्हटलं, आहे तिथेच पक्की कर, जरा उतार देऊन. खांबही वाया गेला नाही, त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालतात.

काकूंना नमस्कार. आता उठायला हरकत नाही, पण हळू.

तुमची,
यापुढेही डावीकडेच पिळणारी पुतणी

ता. क. फोटो सोबत आहे. तुमचं नाव उजवीकडून दुसऱ्या बाईच्या चादरीखाली आहे. क्लबात दाखवताना बोट ठेवून सांगावं लागेल.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर यासाठी लिहायला घेतलं होतं. एका दगडावर गावाचं भागत नाही, रांग लागते, आणि वाटेवरच्या पुढच्या गावांनीही नळाबरोबर दगड मागितला आहे. कोरा चालणार नाही, नावाचाच हवा असा निरोप आहे. तरी तुमचं संपूर्ण नाव, पदव्या आणि क्लबातली आजवरची सगळी पदं लिहून पाठवा. काही गाळू नका. काकूंचंही नाव पाठवा, ते नाजूक आहे, बाळांच्या कपड्यांना बरं पडेल.

ता. क. तिसरा. पहिल्या पाटीवर शेवटी तुम्ही 'सप्रेम भेट' असं कोरून घेतलं होतं. आजोबांना बरं करणाऱ्या त्या गावाला जाणाऱ्या नव्या पाटीवर मी तेवढं तुम्हाला न विचारता बदललं आहे. तिथे 'साभार परत' असं येईल.