फणसाखालच्या सावलीची वाटणी

मी, खाली सही करणारी, या मटणाच्या दुकानाची मालकीण, सत्तरी ओलांडलेली विधवा, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हाताला कंप नाही आणि हा कागद मी स्वखुशीने करीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणले अशी शंका ज्याला येईल, त्याने आधी माझ्या थोरल्या मुलाचे मनगट पाहून यावे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

१. दुकानाचा गाळा, ठोकळा, काटा, आकडे आणि सगळ्या सुऱ्या मी माझ्या कारागिराला देते. मालक गेल्यापासून तो माझ्या शेजारी उभा राहून हाडे तोडतो आहे आणि मी शिव्या दिल्या तर उलट शिव्या देतो. मोठा सत्तूर मात्र त्याला मिळणार नाही. तो माझ्या धाकट्या मुलीकडे राहील. कारण पुढे येईल.

२. कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्याला मी गुलाबाच्या रिकाम्या कुंड्या देते. "सावलीत तर झकास फुलतात," असे सांगून त्याने ते गुलाब माझ्या गळ्यात मारले होते. त्यातला एकही गुलाब पाऊसकाळ पाहायला जगला नाही. कुंड्या त्याच्या दारात नेऊन फोडाव्यात, हळू ठेवू नयेत.

३. दुकानामागची राहती खोली आणि अंगण, त्यातल्या फणसासकट, मी माझ्या धाकट्या मुलीला देते. याच अंगणावरून घरात रक्त सांडले, म्हणून ते सविस्तर लिहिते.

अंगण तीन बाजूंनी उंच भिंतींत अडकलेले आहे, वर फणसाचा पसारा. ऊन जमिनीला लागत नाही आणि हवा इतकी दमट की दोरीवरच्या कपड्यांना वाळायच्या आधीच वास येतो. तिथे काही जगत नसे. सावलीने मारले, असे आम्ही सगळे म्हणायचो.

धाकटी नवऱ्याचे घर सोडून आली ती एका कानाने बहिरी होऊन. त्याने कानफटात मारून कानाचा पडदा फाडला होता. ती नुसती अंगणात बसून राहायची. एकदा तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"आई, माती खारट आहे."

"असेल."

"असेल काय? कातडी कुठं रचतेस तू?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कातडी मीठ लावून आम्ही त्याच भिंतीशी रचायचो, आणि त्यांचे निथळलेले पाणी फरशीच्या रक्ताबरोबर झाडांना घालायचो. रक्ताने झाड जोर धरते हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. मिठाचे कोणाच्या ध्यानातच आले नाही. फणस तेवढा दांडगा, तो तगला.

धाकटीने वरची माती खरवडून फेकली आणि फणसाचाच पाला कुजवून खाली घातला. मग नाल्यापलीकडच्या रानात गेली आणि गर्द झाडांखाली आपले आपण काय वाढते ते पाहून आली. तिथून कंदाचा तुकडा, वेलाचे पेर एवढेच आणले. मुळासकट काही उपटले नाही. भिंतीच्या बुडाशी, जिथे दिवसाही दिवा लागतो, तिथे नेचे लावले. कवडसे फिरतात तिथे रानहळद आणि पेवाची रोपे, मोरीच्या तोंडाशी रानआळू. फणसाच्या खोडावर मिरीवेल चढवला. मी मनीप्लांट आणला होता तो तिने माझ्यासमोर कचऱ्यात टाकला. परका वेल आहे, एकदा मोकळा सुटला की दुसऱ्याला जागा ठेवत नाही, म्हणाली. मी चिडले, पण ती बरोबर होती.

थोरल्याला तिथे फणस पाडून गाड्या लावायच्या होत्या. गेल्या महिन्यात मी दुकानात असताना तो मागच्या दाराने मिठाचे पोते आणि कोयता घेऊन आला. याच घरात वाढलेला, कशाने काय मरते ते त्याला पक्के ठाऊक. नेच्यांवर, हळदीवर त्याने पोते उपडे केले, वर बादल्या ओतल्या, मिरीवेल बुडाशी तोडला आणि फणसाची साल खोडाभोवती सोलायला घेतली. धाकटी आडवी आली तशी त्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटले. तिचा पुढचा दात तिथेच पडला.

"ज्या घरात दिलीय तिथं जाऊन मर," तो म्हणाला.

त्याने कोयता पुन्हा उचलला तो झाडावर की तिच्यावर, हे विचारत बसायला तिला वेळ नव्हता. तिने फावडे घातले. मनगटाचे हाड मोडलेले मला दुकानात ऐकू आले.

मी आत आले तेव्हा तो खाली पडून डाव्या हाताने कोयता चाचपत होता. मी त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि मोठा सत्तूर मानेला लावला. मान कुठे सुटते हे मला डोळे मिटून सांगता येते.

"आई, मी आहे," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

तो माझ्या पोटचा आहे, हे मला त्या वेळी आठवावे लागले. याची मला लाज वाटत नाही, भीती वाटते. सत्तूर माझ्या हातातून काढून घेतला तो धाकटीने. तोंडातून रक्त गळत असताना ती म्हणाली, "सोड त्याला. माती आधीच खराब झालीय."

फणसाची साल निम्म्याच घेरात सुटली आहे, तो जगेल. नेचे गेले. हळदीचे कंद खोल होते, त्यातले काही फुटतील. माझ्यावर रडायला येणाऱ्यांनी त्यांवर पाय देऊ नये.

४. थोरल्याला मी काही देत नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून दुसरा साक्षीदार मी त्यालाच केले आहे, म्हणजे पुढे त्याला या कागदावर वाद घालायला तोंड राहणार नाही. त्याने साक्ष घातली तर धाकटी पोलिसांत जाणार नाही, असे तिने त्याला तोंडावर सांगितले आहे.

५. माझ्यामागे थोरल्याने अंगणात पाऊल टाकावे की नाही, हे धाकटी ठरवील. मी आई आहे, मला तो यावासा वाटतो. पण मार मी खाल्लेला नाही, म्हणून तसे लिहून देण्याचा मला हक्क नाही.

ठिकाण: दुकानामागची खोली, अंगणाचे दार उघडे ठेवून
दिनांक: नऊ ऑगस्ट, शनिवार
सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार पहिला: हाडवैद्य, ज्याने थोरल्याचे मनगट बसवले. सही केली.

साक्षीदार दुसरा: थोरला मुलगा. उजवा हात बांधलेला असल्याने डाव्या हाताचा अंगठा.

पुढचा मजकूर सह्यांनंतर, हाडवैद्यांच्या समोर मी माझ्या हाताने वाढवला आहे. अंगठा देण्याआधी थोरल्याने सगळा कागद वाचला आणि विचारले, "माझ्या नावावर काहीच नाही?" मी म्हटले, काहीच नाही. तो हात मागे घेऊ लागला. तेव्हा धाकटीने तो पकडला, अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला, आणि ठसा उमटल्यावरही तिने त्याचा हात सोडला नाही.