आखाजीचा हुकूम

दोंडाईचा, चैत्र वद्य पंचमी, शके १८५८

पिंपळनेरचे श्री. गिरधर नाना यांस चुडामणचा दोन्ही हात जोडून रामराम. कागदाच्या डोक्यावर ‘व्याही’ लिहावं की ‘अर्जदाराचे वडील’ लिहावं, याचा विचार करता करता दौतीत माशी पडली. पंचांनी आपल्या अभिमनची आणि माझ्या कमलची फारकत केली त्याला पाच वर्षं झाली. पण ती त्या दोघांची केली, तुमची-माझी कोणी केलेली नाही. तेव्हा व्याहीच लिहितो. कंबर कशी आहे? तापल्या विटेचा शेक घेता की नुसते कण्हता? मंजुळा विहीणबाईंनाही रामराम सांगा. (मागे त्यांनी माझ्या नावाने बोटं मोडली होती, ती आता दुखत नसावीत.)

कोर्टात काय झालं ते अभिमनने सांगितलं असेलच, पण तो रागावला की अर्धं सांगतो आणि खूश झाला की तेवढंही सांगत नाही. कमरेमुळे तुम्ही धुळ्याला आला नाहीत, म्हणून उरलेलं मी लिहितो. मूळ चूक माझी, हे इथेच कबूल करतो, कोर्टात केलं नाही. फारकतीच्या वेळी आपली नात ताईबाई दोन वर्षांची. पाचापर्यंत आईपाशी, पुढे बापापाशी, असं पंचांनी ठरवलं होतं. पोर पाचाची झाली, सहाची झाली, सातवंही सरलं, आणि मी बोटं मोजायला विसरलो. अभिमन न्यायला आला की कधी तिला गोवर निघालेला असे, कधी शाळेची परीक्षा असे, एकदा तर आमची म्हैस व्यायची होती. शेवटी त्याने जिल्हा कोर्टात अर्ज टाकला. मी त्याच्या जागी असतो तर दोन वर्षं आधीच टाकला असता.

आमचे वकील म्हणाले, “आबा, कायद्याने बाप हाच पालक, त्यात वाद नाही. पण जज्जसाहेब शेवटी बघतात ते पोरीचं हित. ते तुमच्या घरी आहे, एवढं कोर्टाला दाखवा.” मी घरच्या घरी शिकलेला माणूस, दाखवा म्हणजे दाखवा! तिची गोधडी, तिची पाटी, आणि दर वर्षी तिची उंची जिच्यावर कोरली ती दाराची फळी, एवढं सर्व्हिस मोटारीच्या टपावर टाकलं. आणि जिचं दूध ती पिते ती म्हैस शेजारच्या सुकदेवबरोबर दोन दिवस आधी पायी धाडली. कोर्टाच्या आवारात पट्टेवाला ओरडला, “ओ बाबा, कोर्ट शे हाई, का ढोरसना बजार?” वकिलांनी फायलीमागे तोंड लपवलं. सुकदेव चालून दमलेला, निंबाखाली घोरत पडला, आणि म्हैस उपाशी हंबरायला लागली. बघतो तर तुमचे चिरंजीव नवा कोट घालून तिच्यापुढे कडबा मोडून टाकताहेत! साहेब खिडकीतून बघत होते. वकील माझ्या कानात म्हणाले, “आबा, तुमची म्हैस त्यांच्या बाजूने साक्ष देतेय.”

मग ताईबाईला आत बोलावलं. साहेबांनी विचारलं की ‘आबाकडे’ म्हणायचं, असं मी तिला पंधरा दिवस पढवलं होतं. अभिमनने जिलबी देऊन पायरीवरच ‘बापाकडे’ पढवलं. (पोरीने दोन्ही पाठ केलं. पाठांतराला ती चांगली आहे, आमच्यावर गेली.) साहेबांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, एक कारकून तेवढा ठेवला. दार लोटलेलं होतं. मी बुटाची नाडी बांधायला दारापाशीच वाकलो. माझ्या पायात वहाणा होत्या, पण त्यावर तुम्ही बोट ठेवू नका, कारण माझ्या पाठीमागे अभिमनही वाकलेला होता.

साहेबांनी विचारलं, “बाळ, कुठे राहायला आवडेल?” ती म्हणाली, “मायजोडे.” म्हणजे आईपाशी. ना आबाकडे, ना बापाकडे, पंधरा दिवस आणि जिलबी, दोन्ही फुकट! लगेच म्हणाली, “पन आखाजीले नही. आखाजीले बठ्ठ्या पोरी बापना घर जातस. मन्ही माय तिना बापना घर शे. मंग मी मना बापना घर जासू.” साहेब पुण्याकडचे, कारकुनाने त्यांना समजावलं, की अक्षय तृतीयेला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. साहेब हसून म्हणाले, “तुझं तर अजून लग्नही नाही झालं!” पोर म्हणते, “मंग काय झायं? बाप तं शे ना!”

अभिमनने फेट्याच्या टोकाने डोळे पुसले. मी म्हटलं, “उन्हाचा त्रास होतो का?” तो म्हणाला, “हो आबा, तुम्हालाही होतोय वाटतं.” आम्ही दोघेही सावलीत होतो.

हुकूम झाला, की पालक बापच. त्याला विचारल्यावाचून पोरीचं काही ठरवायचं नाही. राहायचं आईपाशी. आणि आखाजीचे पंधरा दिवस बापाच्या घरी. इंग्रजीत आखाजी कशी लिहावी म्हणून कारकुनाचं पेन थांबलं. साहेब म्हणाले, “पोरीने म्हटली तशीच लिही.” म्हणजे केस मी जिंकली, असं वकील म्हणतात. गावात मीही तसंच सांगतो. तरी पिंपळनेरला कोणी विचारलं तर तुम्ही जिंकल्याचं सांगा, माझी हरकत नाही.

पोर येईल तेव्हा सांभाळून राहा. ती पुरणपोळीचे काठ खात नाही, ते आजोबाला खावे लागतात. बाकी सर्व क्षेम.

आपला व्याही (कायद्याने नसलो तरी),
चुडामण

ता. क. — हे सगळं लिहिलं ते एका विनंतीसाठी. पोरीसोबत एक म्हातारा माणूस येईल, त्याला पंधरा दिवस ओट्यावर जागा द्यावी. पोरीला पोहोचवायचं असं हुकुमात आहे, पोहोचवणाऱ्याने कधी परतायचं ते कुठेच नाही. तो फार खात नाही, आमरस सोडून.

ता. क. दुसरा — वरचं सगळं ताईबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आबा, तू बी उना तं माय आखाजी कोना घर करी?” कमल भाकरी थापत होती, ती थापायची थांबली. तेव्हा पहिला ता. क. रद्द समजावा. अभिमनला न्यायला पाठवा. ह्या खेपेला गोवर नाही, परीक्षा नाही, म्हैसही व्यायची नाही. एवढंच करा: झोक्याला दोर नवा घ्या, फांदी जाड बघा, आणि ती बसायच्या आधी तुम्ही स्वतः बसून बघा. तुम्हाला पेललं तर तिला पेलेल.