सुटणारी बाही

३ मार्च, सोमवार

गोदामात गेले एकदाची. शाळेच्या माजी विद्यार्थिनींचं नाटक, आणि शिवणात मी हुशार म्हणून कपडेपट माझ्या गळ्यात! पत्र्याचं छप्पर, डांबरगोळ्यांचा वास – थेट आमच्या शिवणवर्गाच्या कपाटाचा. डोळे भरून आले. राजे, शिपाई, नवऱ्या, भिकारी, सगळे एकाच दांडीवर खेटून.

नाटकांना कपडे भाड्याने देणारे मास्तर सत्तरीचे. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या.

"मरतंय कोण?" हा पहिला प्रश्न.

"कुणी नाही. नायिकेला दीर फरफटत नेतो."

"मग दोन लागतील. मारामारीचा कपडा जोडीनं. एक आधीचा, एक नंतरचा."

'नंतरचे' मागच्या भिंतीला होते. भोसकलेले सदरे, गळ्यापासून फाटलेले झगे. एक छोटा फ्रॉक, खालून जळलेला. त्यांवरचं रक्त म्हणजे रंग आणि साखरेचा पाक आहे, हे कळूनही हात लावला नाही.

५ मार्च, बुधवार

मुलाने आज सुनेला पुन्हा मारलं. चहा गार होता म्हणून. मी स्वयंपाकघरात फ्रीजचा आवाज ऐकत उभी राहिले.

८ मार्च, शनिवार

"बाई, शिकायचंय तर हात चालवा," मास्तर म्हणाले. नवा कोट जुना करायचा होता. कोपरांना किसणी, कॉलरला तारेचा ब्रश, मग भिजवून सायकलच्या साखळीनं झोडपायचा. "माणूस जिथं वाकतो, तिथं कापड आधी मरतं."

आधी लाज वाटली. मग थांबताच येईना. अस्तर बाहेर आलं, एक खिसा उडून शिवणयंत्राखाली गेला.

"अहो, भिकाऱ्याचा करायचाय, प्रेताचा नाही!"

यंत्रावरच्या मावशी हसून हसून टेबलावर आडव्या. मीही हसले. बसथांब्यावर मात्र तळवे भगभगत होते. मारत होते ते कुणाला? डोळ्यांपुढे माझाच लेक आला, सहा वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला. त्याला मी कधी चापटही मारली नाही. त्याचा बाप मला मारायचा. हा टेबलाखाली बसून बघायचा. त्याचे बूट मला दिसायचे, नाड्या मीच बांधलेल्या.

११ मार्च, मंगळवार

सुनेच्या खांद्यापासून मानेपर्यंत काळंनिळं. "दार लागलं, आई." मीही दारच सांगायचे. आमच्या घराला फार दारं आहेत.

"माहेरी जा," मी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं.

"बॅग महिनाभर भरलेली आहे. दारापर्यंत पोचू तर द्यायला हवं. दिवसा जिन्याच्या तोंडाशीच दुकानात बसलेला, आणि घरात असला की आधी बाही धरतो. मग काही चालत नाही."

१२ मार्च, बुधवार

आज नायिकेचा ड्रेस. मास्तर म्हणाले, "ओढली की बाही हातात यायला हवी, बाईचा खांदा नाही." म्हणून ती शिवायचीच नाही. दोन-दोन बोटांवर टिचबटणं, आणि वरून नुसता दिखाऊ दोरा.

मावशी उभ्या राहिल्या. "ओढा मास्तर, जन्मभर वाट बघतेय."

तडतड झाली. बाही मास्तरांच्या हातात, मावशी चार पावलं पुढे.

शाळेत सिस्टर सगळ्या वर्गासमोर आमची शिवण ओढून बघायच्या. जिची उसवली, तिच्या बोटांवर पट्टी. माझी कधीच उसवली नाही. केवढा अभिमान होता मला त्याचा.

टिचबटणांचा एक जास्तीचा डबा मागितला. "नाटकात बाया किती?" मास्तर म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि दोन डबे दिले.

१५ मार्च, शनिवार

सुनेच्या तिन्ही ड्रेसच्या सगळ्या बाह्या झाल्या. तो खाली दुकानात गेल्यावर तालीम. मी ओढायची, तिनं पळायचं. पहिल्यांदा बाही माझ्या हातात आणि ती तिथेच उभी, डोळे मिटून.

"पळ गं बाई!"

"तुम्ही ओढता तरी पाय हलत नाहीत, आई."

अकरा वेळा. बाराव्या खेपेला जिन्यापर्यंत पोचली. परत आली ती धापा टाकत, हसत. लग्नानंतर तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

सकाळी सव्वाआठ. बशी फुटली, मग त्याचा आवाज, मग ती तडतड. बाहेर आले तर बाही त्याच्या मुठीत, आणि तो तिच्याकडे बघतोय – गणित न सुटलेल्या मुलासारखा. सून जिन्यावर. अनवाणी. बॅग राहिली.

तो धावला. मी दारात उभी राहिले.

"आई, बाजूला हो."

नाही झाले. त्याने ठोसा मारला. तोंडात दात हलला. चौकट धरून ठेवली. दुसरा कानावर. खरं रक्त पाकासारखं ओघळत नाही, पटकन दाटतं, हनुवटीला चिकटून बसतं. तिसऱ्याला मी खाली पडले, पण उंबऱ्यावरच पडले, आडवी. मला ओलांडायला तो धजला नाही.

मग खुर्चीत बसून रडू लागला. लहानपणी रडायचा तसाच, खालचा ओठ बाहेर काढून. त्याचं नाक पुसायला माझा हात उठला होता. खोटं कशाला लिहू.

१८ मार्च, मंगळवार

सून माहेरहून थेट चौकीत आली होती. पोलीसबाईंनी विचारलं, "तक्रार सुनेच्या नावानं लिहू ना?" म्हटलं, तिची तिच्या नावानं लिहा, माझी माझ्या. त्यांनी नवा कागद घेतला. "आरोपीशी नातं?"

"आई."