दोन्ही एकदम धुवू नये

तीर्थस्वरूप मामांस,

दोन्ही हात कोपरापर्यंत ओले असलेल्या भाच्याचा नमस्कार. हात जोडता आले नाहीत म्हणून मनातल्या मनात केला आहे, तेवढा गोड मानून घ्या. मामींचा गुडघा कसा आहे? ताईच्या घराचे जिने चढताना त्रास होत नाही ना? तुमच्या रक्तदाबाची गोळी घेऊन झाली असेल तरच पुढे वाचा. (नसेल तर घेऊन या, मी थांबतो.) इकडे सर्व ठीक आहे. सर्व म्हणजे दवाखाना ठीक आहे, नर्सबाई ठीक आहेत, पेशंटची खुर्ची वर-खाली होते आहे. वकीलसाहेबांचं मात्र जरा सविस्तर लिहावं लागेल. (तुमच्या माशाला पेशंट लोक अजून याच नावाने हाक मारतात, कारण तो काचेला नाक लावून दिवसभर तोंडाची उघडझाप करतो आणि कुणाचं ऐकून घेत नाही.) हे लिहिताना ते हयात आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही दवाखाना माझ्या स्वाधीन करून ताईकडे राहायला गेलात त्याला दोन महिने झाले. जाताना तुम्ही मला सगळं दाखवलंत, अगदी खिडकीची कडी कुठल्या बाजूने ठोकायची तेही. एक गोष्ट विचारायची माझी राहून गेली, ती म्हणजे वेटिंग रूममधल्या त्या सहा फुटी टाकीला दोन फिल्टर कशाला. टाकीखालच्या कपाटात बादलीएवढे दोन काळे डबे, प्रत्येकाला दोन नळ्या. एक नळी टाकीतलं पाणी ओढून घेते, दुसरी ते गाळून परत सोडते, इथपर्यंत माझी मजल आहे. पण चारही नळ्या कपाटात एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसल्यावर कुठली कुणाची हे ओळखायचं कसं? पहिल्याच आठवड्यात एक नळी गळायला लागली म्हणून मी चारही काढून पुन्हा जोडल्या, आणि नंतर लक्षात आलं की मी दोन्ही डबे एकमेकांनाच जोडले आहेत. दिवसभर दोघेही एकमेकांचं पाणी गाळत बसले होते आणि टाकीला याचा पत्ताच नव्हता. आवाज मात्र फार समाधानाचा येत होता. (नर्सबाईंचं म्हणणं, आवाज पूर्वीपेक्षा चांगला आहे. मी खूश.)

ते निस्तरलं. मग आली तुमची चिठ्ठी. टाकीच्या बाजूला तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेली, मला ती सहाव्या आठवड्यात दिसली. मामा, तुमचं अक्षर औषधाच्या दुकानदाराला लागतं, मला लागत नाही, तरी मी चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून वाचलं. चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘दोन्ही एकदम धुवून ये.’ कुठे जाऊन धुवून यायचं आणि कुणाकडे यायचं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडलाही. पण मी असा अर्थ लावला की फिल्टर धुतल्याशिवाय पेशंटजवळ यायचं नाही. (तुम्ही दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही. दातांमध्ये फट राहू नये हे मान्य, पण अक्षरांना तो नियम नाही.)

आता धुणं म्हणजे काय हे तुम्हीच मला शिकवलेलं. नुसत्या नळाखाली धरणं म्हणजे धुणं नव्हे. मी दोन्ही डबे उघडले. आतले स्पंज काळेकुट्ट, चिनीमातीच्या नळ्यांच्या तुकड्यांवर बुळबुळीत तपकिरी गाळ. इतकी घाण आपल्या दवाखान्यात, तीही पेशंट बसतात तिथून दोन हातांवर, हे बघून मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं साबणाने घासलं, आणि मग आपल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे ज्यात आपण हत्यारं वाफेवर निर्जंतुक करतो त्यात, रीतसर दोन खेपांत लावलं. चिनीमातीचे तुकडे असे पांढरेशुभ्र निघाले की मी ते नर्सबाईंना मुद्दाम बोलावून दाखवले. स्पंज आक्रसून साबणाच्या वडीएवढे झाले, पण एकही जंतू उरला नसणार याची मला खात्री होती.

ती खात्री खरी ठरली, हीच तर अडचण. तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी दुधासारखं झालं. वकीलसाहेब वर येऊन पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकायला लागले. त्यांनी खाणं सोडलं. अक्कलदाढ काढायला आलेल्या एका बाईंनी टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दाढ आता दुखत नाही असं सांगून त्या निघून गेल्या. मी मासेवाल्याला, म्हणजे कोपऱ्यावरच्या टाक्यांच्या दुकानदाराला, धरून आणलं. त्याने पाण्याचा वास घेतला, कपाट उघडलं आणि पांढरेशुभ्र तुकडे हातात घेऊन विचारलं की यातला गाळ कुठे आहे. मी अभिमानाने सांगितलं की काढला. त्यावर तो कपाळाला हात लावून खालीच बसला.

त्याने जे सांगितलं ते मी चार वेळा ऐकलं तरी माझ्या डोक्यात नीट बसत नाही, तुम्हाला माहीतच असेल. माशाच्या घाणीने पाण्यात विष तयार होतं, ते खाणारे जंतू त्या गाळात राहतात, आणि ते मेले की मासा स्वतःच्याच विषात पोहतो. म्हणून मोठ्या टाकीला दोन फिल्टर ठेवायचे आणि ते आळीपाळीने, तेही टाकीच्याच पाण्यात हलके खंगाळायचे, म्हणजे एक साफ केला तरी दुसऱ्यातले जंतू घर सांभाळतात. मामा, मी पंधरा वर्षं लोकांच्या दातांवरचा जंतूंचा थर खरवडून काढतो आहे, आणि हा माणूस मला म्हणतो की थर जपा. त्या दिवशी दुपारी मी एका पेशंटचे दात साफ करताना मध्येच थांबलो. हे काढू की राहू देऊ, मला कळेचना. मग मी तुमची चिठ्ठी पुन्हा वाचली. ‘दोन्ही एकदम धुवू नये.’ माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मासेवाल्याने उपाय सांगितला: रोज थोडं पाणी बदला, खायला घालू नका, आणि एखाद्या जुन्या, चालू फिल्टरमधला मूठभर गाळ आणून यात घाला, नाहीतर चार दिवसही काढायचा नाही हा. त्याच्या दुकानातल्या टाक्यांत सध्या औषध घातलेलं होतं, तिथला गाळ चालणार नव्हता. दुसरा जुना फिल्टर जवळपास एकाच ठिकाणी आहे, असं तो म्हणाला आणि त्याने खिडकीतून रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

होय, मामा, समोरच्या दंतवैद्यांकडे. ज्यांना तुम्ही अकरा वर्षं पाण्यात पाहता, ज्यांची पाटी दिसू नये म्हणून तुम्ही खिडकीला पडदा लावलात, आणि ज्यांचा जिना कधी चढणार नाही असं मी तुम्हाला वचन दिलं होतं. मी तो चढलो. मला आधी चूक कबूल करायची आहे आणि मग कारण सांगायचं आहे: वकीलसाहेब आडवे व्हायला लागले होते. मी हत्यारं ठेवायचा स्टीलचा ट्रे हातात घेऊन त्यांच्या पेशंटांच्या रांगेत बसलो. तिथल्या बाईंनी काय दुखतंय म्हणून विचारलं तेव्हा मी त त प प करत सांगितलं की मला थोडी घाण हवी आहे. समोरचे बाहेर आले, ट्रेकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “दोन्ही एकदम धुतलेस?”

मग त्यांनी बाह्या सरसावल्या, स्वतःचा फिल्टर उघडला, अर्धा स्पंज कापून ट्रेमध्ये ठेवला आणि तो ट्रे माझ्या हातात न देता स्वतःच घेऊन रस्ता ओलांडला. (त्यांचा पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलेला होता. भुलीचं इंजेक्शन दिलेलं होतं, त्याचा अंमल चढायला वेळ होता असं ते म्हणाले.) आपल्या दवाखान्यात आल्यावर त्यांनी कपाटामागचं बटण न बघता बंद केलं आणि चारही नळ्या न बघता सोडवल्या. मला वाटलं, हा अंदाज. नर्सबाई म्हणाल्या, अंदाज कसला, हे कपाट दोघांनी मिळून ठोकलंय.

त्यानंतर समोरचे रोज संध्याकाळी पाच वाजता येतात, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकून रंग बघतात आणि मान हलवून जातात. नर्सबाईंनी मला जे सांगितलं त्याने माझा गोंधळ वाढला आहे. त्या म्हणतात, तुमची दोघांची भागीदारी होती तेव्हा तुम्ही नखाएवढा मासा आणलात, एक फिल्टर तुमचा, एक त्यांचा, ज्याने त्याने आपला धुवायचा, म्हणून दोन्ही एकदम कधी धुतले गेलेच नाहीत. आणि भागीदारी मोडली ती म्हणे गाळलेल्या पाण्याचा झोत टाकीच्या डावीकडे सोडायचा की उजवीकडे, यावरून. तुम्ही डावीकडे म्हणत होतात, ते उजवीकडे. मला हे पटत नाही. दोन शिकलेली माणसं एवढ्याशा गोष्टीवरून अकरा वर्षं अबोला धरतील हे शक्य नाही, काहीतरी मोठं कारण असणार. तुम्ही कळवाल तर बरं.

मामींना माझा नमस्कार सांगा, गुडघ्याला शेक द्यायला सांगा, आणि रागावणार असाल तर एका दमात रागवा, हप्त्याहप्त्याने नको.

तुमचा,
शब्द तोडायला चुकलेला भाचा

ता.क. वकीलसाहेबांनी आज नवव्या दिवशी खाल्लं. तीन दाणे. मी आणि समोरचे काचेसमोर ओणवे होऊन बघत होतो. मला रडू आलं, हे मी लपवत नाही. समोरच्यांनी चष्मा पुसला.

आणखी ता.क. समोरचे या महिनाअखेर दवाखाना बंद करून मुलाकडे कायमचे राहायला जात आहेत. त्यांचा फिल्टर ते आपल्या टाकीला लावून जायचं म्हणतात, म्हणजे तीन होतील आणि माझ्याकडून पुन्हा काही झालं तरी मासा वाचेल. मी म्हटलं, मामांना फोन करून विचारा. ते म्हणाले, तू पत्र लिही.

शेवटचं ता.क. खरं तर त्यांनी मला एकच ओळ लिहायला सांगितली होती, बाकीची पानं माझी मीच भरली. ओळ अशी: ‘झोत डावीकडे चालेल.’ मी ती लिहायला घेतली आणि विचारलं, डावीकडे म्हणजे कुणाच्या? आपण दंतवैद्य नेहमी पेशंटची डावी बाजू धरतो, तसं माशाच्या डावीकडे, की समोर उभं राहून बघणाऱ्याच्या? त्यांनी काचेला नाक लावलेल्या वकीलसाहेबांची डावी बाजू बोटाने दाखवली, ती त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताला आली. म्हणाले की ते कायम बघणाऱ्याच्या बाजूने बोलत होते. मग म्हणाले, तुझा मामा कुणाच्या बाजूने बोलत होता ते मी विचारलंच नाही. आत्ता ते वेटिंग रूममध्ये टाकीसमोर बसले आहेत, पाच वाजून कधीच गेले, पण उठत नाहीत. महिना संपायला अकरा दिवस आहेत. मामा, पत्राचं उत्तर नको, तुम्हीच या.