पाऊण जागा त्यांची

३ जून
नवी खोली, नवं काम! ऊन थेट टेबलावर येतं. छापखान्याच्या मालकांनी हस्तलिखित दिलं. म्हणाले, बाई, आठ दिवसांत टाइप करून आणा. ह्यांचा लॅपटॉप आहेच, पण त्यांची सिस्टीम जुनी, छापखान्याला नवी लागते. नणंद फोनवर म्हणाली, वहिनी, सगळं पुसून टाक, गेलेल्या माणसाला लॅपटॉप कशाला? हात धजावला नाही. त्यात ह्यांचे फोटो आहेत, पत्रं आहेत.

४ जून
वाचनालयातून पुस्तक आणलं, ओळ न् ओळ वाचली. जुनीला धक्का न लावता नवी सिस्टीम शेजारी बसवता येते. एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं! मधली पट्टी सरकवून जागा वाटून द्यायची. माझा हात सवयीनं गेला: ह्यांना पाऊण, मला पाव. शंभर जीबी. पलंगावरही हीच वाटणी होती. सत्तावीस वर्षं मी कडेला झोपले. ‘जरा सरक’ म्हणायचे, की मी सरकायचे. उलट कधी बोलले नाही. आता लॅपटॉप सुरू केला, की दोन नावं येतात. दहा सेकंदांत निवडलं नाही, तर ह्यांची बाजू उघडते. तेही मीच तसं ठेवलं.
ही रोजनिशी माझ्या बाजूला. जन्मात पहिल्यांदा माझी म्हणून जागा.

७ जून
चाळीस पानं टाइप झाली. माझ्या शंभरातले साठच उरलेत. पानांना एवढी जागा लागत नाही. मधली पट्टीच माझ्याकडे सरकलीय. पुस्तक म्हणतं, पट्टी आपोआप सरकत नाही.

९ जून
तीस.
सकाळी जाग आली ती फरशीवर. खाट एकटीपुरतीच. उशीच्या कडेला माझ्या डोक्याचा खळगा. मधोमध दुसरा, मोठा.
ह्यांची बाजू उघडली. फोटो जागेवर. एक नवी फाइल, नाव ‘जरा सरक’. आत माझी चार तारखेची नोंद. शेवटचं वाक्य तेवढं गाळलेलं.

१० जून
बारा. टाइप केलेली पानं गेली. उद्या द्यायची होती. मालक म्हणाले, जमत नसेल तर दुसरीला देतो. म्हणजे भाडं नाही, खोलीही गेली.
नणंदेला फोनवर सगळं सांगितलं. रडली, म्हणाली, माझा दादा असा नव्हता. असेच होते. वाईट नव्हते. पसरलेले होते.

११ जून, सकाळ
ह्यांची बाजू पुसणार. फोटो जातील. जाऊ देत.

दुपार
दोन. डिस्कची यादी उघडलीय. बोट ‘पुसा’वर —
खुर्चीच्या कडेला बसलेय. केव्हापासून, कळलंच नाही. पाठीशी ऊब —
बोट दाबलं जात नाही — मीच सरकतेय —
एक. अर्धा. एका वाक्यापुरती तरी जागा — सत्तावीस वर्षं बोलायचं राहिलेलं —
आता तुम्ही सरका — तुम्ही सर