नकुसा या नावाचा अर्थ

आये, तू जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी तुला आत्ता विचारायला बसले आहे, तेही माझ्या नावाबद्दल.

इथे बहरीनमध्ये त्या नावाचा अर्थ कुणाला कळत नाही. तुबलीच्या ऑफिसात सगळे मला नकुसा म्हणतात. आमच्या अरब मॅनेजरला ते गोड वाटतं. मराठी माणूस भेटला की मात्र नाव ऐकून थबकतो आणि मग उगाच प्रेमाने बोलायला लागतो. अकाउंट्समध्ये पोलंडची एक बाई आहे, तिला नावांचा नाद. परवा डबा खाताना ती सांगत होती, त्यांच्याकडे 'स्की'ने संपणारी कितीतरी आडनावं गावांवरून आलेली, आपल्या 'कर'सारखी. कोवाल्स्की लोहाराच्या घरचा. तिचं स्वतःचं नोवाक, म्हणजे गावात नवा आलेला. "इथे आपण सगळेच नोवाक," ती म्हणाली. मग तिने माझ्या नावाचा अर्थ विचारला. मी सांगितला. ती हसली नाही. फार पूर्वी त्यांच्यातही न्येलुब असं नाव असायचं म्हणे, नावडता. लेकरं जगत नसली की असलं नाव ठेवायचं, म्हणजे वाईट नजरेला वाटावं, याला आईबापच विचारत नाहीत तर न्यायचं कशाला. "तुझ्या आईला तू फार हवी असणार," ती म्हणाली.

तेव्हापासून मी आठवते आहे. माझ्याआधी आपल्या घरात एखादं मूल गेलं होतं का? मला तरी कुणी सांगितलं नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की तिघींच्या पाठीवर मी चौथी, आणि चौथीला नकुसा म्हटलं की पुढचा मुलगा होतो असं आपल्याकडे मानायचे. झालाही. दहावीत असताना मी एकदा विचारलंच होतं. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, मी शेजारी. "आये, दुसरं नाव न्हवतं का गं?" तू तव्यावरून नजर काढत नाहीस. "नाव काय खायाचं हाय? ताट घे." आणि फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकतेस. त्या भाकरीत मी या दोन दिवसांत बरंच काही शोधलं. पण समोर बसेल त्याला तू तशीच वाढायचीस, हेही मला आठवतं. नाव मला बदलता आलं असतं. बदललं नाही, कारण तू मला दुसऱ्या कुठल्या नावाने कधी हाक मारली नाहीस.

काल ईसा टाउनच्या शाळेतून मुलीला आणताना तिने गाडीत नावाचा अर्थ विचारला, नेहमीसारखं इंग्रजीत. मी पोलंडची रीत आपली म्हणून सांगितली. आजीला मी फार हवी होते, म्हटलं. "दॅट्स सो स्वीट, मम्मा," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

तुला वाचता येत नव्हतं, आणि कुणी वाचून दाखवावं असं हे नाही. फक्त एक सांगते. तिला सांगताना, रिफाच्या सिग्नलपर्यंत, माझाही विश्वास बसला होता.