नियम नववा

रविवार, १२ जानेवारी २०२५

नेमबाजी क्लबची नियमावली मंजूर झाली. सदर भागात सभा, एकेचाळीसपैकी चौतीस सभासद हजर. क्लब सभासदांनीच चालवायचा तर नियमही सभासदांनीच करायचे – आठ महिने हेच सांगत होते मी. सचिव झाल्यापासून दुसरं काही केलंच नाही.

सगळ्यात जास्त वाद नवव्या नियमावर. रेंजवर माणूस पुढे असताना ज्याच्या हातून गोळी किंवा छर्रा सुटेल, तो एक वर्ष बाहेर. कारण ऐकून घेतलं जाणार नाही. अध्यक्ष देवराव म्हणाले, "थोडी ढील द्या ना मॅडम. जुन्या मेंबरले काहून बांधता?" तेव्हा चंपतराव सर उठले. क्लब त्यांनी उभा केला, मला पिस्तूल धरायला त्यांनीच शिकवलं. म्हणाले, "जुन्यालेच आधी बांधा." झालं, सगळे हात वर.

नववा नियम पूर्ण माझा. घरी येऊन दोनदा वाचला.

गुरुवार, १६ जानेवारी

नियमांची पाटी लागली. थोडी तिरपी आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळचा सराव. गार्गी कागदी टार्गेट बदलायला पुढे गेली – भिवापूरची मुलगी, राज्य स्पर्धेची तयारी करते. शेजारच्या लेनमध्ये सर होते. त्यांच्या एअर पिस्तुलातून छर्रा सुटला आणि गार्गीच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर फळीत घुसला. ती ओरडली नाही. नुसती वळून बघत राहिली. सरांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. "लागलं का वं पोरी?" – एवढंच.

रेंज अधिकारी म्हणून मीच उभी होते. सगळं माझ्यासमोर झालं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

देवरावांचा फोन. "पोरीले लागलं नाही, तिची तक्रारबी नाही. रिपोर्ट राहू द्या. बहात्तर वर्षांचा माणूस आहे मॅडम. एक वर्ष म्हणजे किती होते त्याच्यासाठी?"

नियम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कोण होतं? कानात इअरफोन घालून येणारा, कोणाचं न ऐकणारा एखादा नवा सभासद. सर नव्हते. नाव नसलं की नियम किती सहज लिहिता येतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

गार्गी भेटली. "सरांना काही करू नका मॅडम," म्हणाली. मग बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता – "पण आता पुढे गेली ना, की माही पाठ आखडून जाते."

रिपोर्ट लिहिला.

रविवार, ९ फेब्रुवारी

कार्यकारिणीची बैठक. मी रिपोर्ट वाचला. देवराव म्हणाले, "सर, कसं झालं ते सांगा तरी."

सर म्हणाले, "माह्या हातून छर्रा सुटला. कारण ऐकायचं नाही असं लिहिलं आहे ना? मंग कायले विचारता?"

बंदीच्या बाजूने देवराव सोडून सगळ्यांनी हात वर केले. मीही. बाहेर आल्यावर दोघं-तिघं म्हणाले, मॅडम, हिंमत लागते याला.

रविवार, १६ फेब्रुवारी

सरांकडे गेले. व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. रविवारी सकाळी या माणसाला घरी मी पहिल्यांदाच बघितलं. विचारलं, "सर, राग आहे का माझ्यावर?"

"राग कायचा?" पेपराची घडी केली. "माणूस पुढे दिसाले पायजे होता. नाही दिसला. चूक माहीच. पण प्रेमलता, 'रेंज मोकळी, पुढे जा' म्हनलं तू, तवा मी नेम धरून होतो. तू फोन पाहून राहिली होती."

सरांनी घडी केलेला पेपर बाजूला ठेवला.

"कोनाले नाही सांगितलं मी. क्लब तुलेच चालवाचा आहे."

खरं आहे. माझ्या लेकीचा, वैभवीचा निकाल आला होता, तिचा मेसेज वाचत होते. हुकूम देण्याआधी प्रत्येक पिस्तूल रिकामं आहे का ते बघायचं – ते माझं काम. रिपोर्टमध्ये नाही लिहिलं. इथेही नाही. 'सगळं माझ्यासमोर झालं' असं लिहिलं मी, या वहीत, जी कोणीच वाचत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आधी गार्गीला सांगितलं. ती "ठीक आहे मॅडम" म्हणाली. ठीक नव्हतं. मग देवरावांना पत्र दिलं – सगळं लिहून, राजीनाम्यासकट. त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं. "बैठकीत काहून नाही बोलल्या?"

म्हटलं, कारण ऐकायचं नाही, हे मीच लिहिलं होतं. मला सोयीचं झालं.